शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटखाली, माझ्या पायाशी. लोकांना गाडी शिकवणं हा माझा धंदा, आणि या धंद्यात माणूस जिवंत राहतो तो दुसऱ्या ब्रेकमुळे. पाटीवरसुद्धा मी ठळक अक्षरांत लिहून घेतलंय, 'दोन ब्रेक, दुप्पट भरवसा.' लोक म्हणतात मी फार ओरडतो. अहो, ओरडेन नाही तर काय करेन? समोर विजेचा खांब आलाय आणि शिकणारे साहेब माझ्याकडे तोंड करून त्यांच्या बदलीची गोष्ट सांगताहेत! तुम्ही बसा एकदा माझ्या जागी, मग बोला.

आता ताईचं सांगतो. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आई कामावर जायची, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून शाळेच्या फाटकात ढकलण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मी पन्नाशी ओलांडली, माझे केस गेले, पण तिच्या लेखी मी अजून बाळ्याच. शिकायला आलेल्या चार लोकांच्या देखत ती रस्त्यावरून हाक मारते, 'बाळ्या, जेवलास का?' की माझी सगळी जरब मातीत.

ताई वाचनालयात काम करते. इमारतीत नाही, व्हॅनमध्ये. पुस्तकांनी भरलेली एक छोटी व्हॅन आजूबाजूच्या लहान लहान गावांना फिरते आणि ज्यांना शहरात यायला जमत नाही त्यांच्या दारात पुस्तकं पोचवते. चालवायला ड्रायव्हर, पुस्तकं द्यायला ताई. यंदा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि वरून निरोप आला की नवीन माणूस मिळणार नाही, व्हॅन भंगारात काढा. ताई तडक साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मी चालवीन."

साहेबांनी विचारलं, "लायसन्स आहे?"

"येईल," ताई म्हणाली. तोवर तिने सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं.

साहेब भला माणूस. ताईची टेस्ट होईपर्यंत व्हॅन थांबवून ठेवतो म्हणाला, त्यापुढे त्याच्या हातात काही नव्हतं. म्हणजे ताई पास झाली तर व्हॅन फिरणार, नाही तर गेली भंगारात. ताई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हजर. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्यावर ओरडायची संधी मिळाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मी ती सोडली नाही. "क्लच! क्लच म्हणतोय मी! ब्रेक! अगं ब्रेक!" ओठ घट्ट मिटून ती सगळं ऐकून घ्यायची. घरी गेल्यावर मात्र मला ताटावर बसवून माझी आरती ओवाळायची. पण शिकली. हळूहळू हात बसला.

टेस्ट तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. ऊन कलल्यावर मी तिला गावाबाहेरच्या झाडीतल्या रस्त्यावर घेऊन गेलो. रस्ता मोकळा, ताई झकास चालवत होती, आणि मी वळणावर गियर कसा बदलायचा यावर माझं नेहमीचं व्याख्यान देत होतो. एवढ्यात डावीकडच्या झुडपातून ते निघालं. रानडुक्कर! काळंकुट्ट, केसाळ, मोठ्या ट्रंकेएवढं. आलं ते थेट रस्त्याच्या मधोमध.

धाड!

गाडी जागच्या जागी थांबली. बोनेटच्या पुढे धूळ उडाली. मी बघतो तर डुक्कर एक कोलांटी खाऊन उठलं, अंग झाडलं आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच त्याच्या घरात शिरलो होतो. मग गुरगुरत पलीकडच्या झाडीत गेलं. चालीवरून तरी धडधाकट वाटलं. आम्हीच अर्धमेले झालो होतो.

आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "बघितलास माझा ब्रेक? मी होतो म्हणून वाचलो!"

ताईने इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "बाळ्या, संपलं. हे माझ्याच्याने होणार नाही."

मला वाटलं, घाबरली आहे, उद्या येईल ताळ्यावर. मी उतरून गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. बंपर मधोमध फाटून लोंबत होता, एक हेडलाइट फुटला होता, बोनेटचं नाक वर आलं होतं आणि रेडिएटरचं हिरवं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. छपरावरची माझ्या नावाची पाटी तेवढी शाबूत होती.

गाडी ओढून नेली ती ठोक्याच्या गॅरेजमध्ये. ठोक्या माझा जुना मित्र. पत्रा ठोकून सरळ करतो म्हणून त्याला सगळं गाव ठोक्या म्हणतं. रात्रभर मला झोप नाही, कारण माझी गाडी घाणेरडी उभी आहे ही कल्पनाच मला सहन होत नाही. सकाळी उठून गेलो आणि ठोक्या यायच्या आत पाइप लावून ती पुढून मागून स्वच्छ धुऊन टाकली. चिखल, रक्ताचे दोन थेंब, बंपरला चिकटलेले केस, सगळं गेलं. लखलखीत!

मग विम्याचा माणूस आला. गळ्यात कॅमेरा, चेहरा आंबट. त्याने फुटका बंपर बघितला, वाकून खालून बघितलं आणि विचारलं, "जनावर कशावरून?"

"म्हणजे?"

"भिंतीला धडकवलेली गाडीही अशीच दिसते. केस, रक्त, काहीतरी असतं ना."

ठोक्याने माझ्याकडे बघितलं, मी पाइपकडे बघितलं. "धुतलीस?" ठोक्याने विचारलं. मी मान डोलावली. "अरे देवा," ठोक्या म्हणाला, "पुरावा धुणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय!" माझं पित्त खवळलं. शेवटी ठोक्यानेच समोरची जाळी काढली, आत बोटं घातली आणि राठ काळ्या केसांचा एक झुबका उपटून विम्यावाल्याच्या हातात दिला. त्या माणसाने तो हुंगला, नाक मुरडलं आणि "मान्य" म्हणून फोटो काढून निघून गेला.

चला, एक काम झालं, असं म्हणतोय तोच ठोक्या म्हणाला, "आत बस, जरा ब्रेक दाब. मागचे दिवे बघतो." मी सवयीने माझ्या सीटवर बसलो आणि माझं पेडल दाबलं. ठोक्या मागे उभा.

"दाब ना!"

"दाबलाय!"

"अरे, दाब म्हणतो ना!"

"दाबलाय म्हणतो ना मी! तुझे डोळे तपासून घे. नाही तर दिवे गेले असतील."

ठोक्या पुढे आला आणि बाहेरूनच वाकून त्याने हाताने ड्रायव्हरचं पेडल दाबलं. मागच्या भिंतीवर लालभडक उजेड पडला. त्याने सोडलं, मी दाबलं. अंधार. मग तो बॅटरी घेऊन माझ्या पायाशी शिरला आणि बराच वेळ तिथेच राहिला. त्याची पाठ हलायला लागली, तेव्हा मला कळलं की हा हसतोय.

"ये, बघ," तो म्हणाला.

माझ्या पेडलापासून ड्रायव्हरच्या पेडलाकडे जाणारी केबल आकड्यातून निसटून लोंबत होती. डुकराच्या धक्क्याने निसटली असेल असं मी म्हणणार होतो, पण केबलच्या टोकापासून आकड्यापर्यंत एका कोळ्याने ऐसपैस जाळं विणलेलं होतं. मध्ये बसलाही होता, चांगला गुबगुबीत. "हा काही काल राहायला आलेला नाही," ठोक्या म्हणाला. "बरेच दिवस झालेत. तुझं पेडल नुसतं स्प्रिंगवर वरखाली होतंय."

"शक्य नाही! मी दिवसातून शंभर वेळा ब्रेक मारतो आणि गाडी थांबते."

"तू ओरडतोस, बाबा. तू 'ब्रेक' म्हणून बोंबललास की समोरचा घाबरून दाबतो. तुझा पाय आहे शोभेला."

माझी तर अक्कलच गुंग झाली. दोन ब्रेक, दुप्पट भरवसा! ही गोष्ट बाहेर गेली तर उद्यापासून माझ्याकडे कुत्रंसुद्धा शिकायला येणार नाही. मी ठोक्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला शपथ घातली की हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. ठोक्या तसा वात्रट, पण शब्दाचा पक्का. त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली आणि केबल आकड्यात घट्ट बसवून दिली. कोळ्याला उचलून खिडकीत ठेवलं.

पत्र्याचं काम झालं, नवा बंपर बसला, गाडी पूर्वीसारखी दिसायला लागली. ताई मात्र ताळ्यावर आली नाही. मी तिच्या घरी गेलो तर ती व्हॅनमधली पुस्तकं घरी आणून, परत करायला खोक्यांत भरत बसली होती. स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, पलंगावर, जिकडे तिकडे पुस्तकं. साहेबांना उद्या नाही म्हणून कळवते म्हणाली.

मी माझ्याकडून सगळं करून बघितलं. "अगं, जनावर कुणाच्याही आडवं येतं. मी शिकवलेल्यांपैकी निम्मे कुठे ना कुठे धडकलेत." मग चिडून बघितलं. "एवढे दिवस माझा घसा कोरडा केलास तो काय यासाठी?"

ताईने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "बाळ्या, धडकले त्याचं मला काही नाही. गाडी थांबवली तू. मला वाटत होतं मी ब्रेक दाबला, पण माझ्या पायाचं मला काही आठवतच नाही. तू शेजारी होतास म्हणून आपण वाचलो, हे तूच म्हणालास. व्हॅनमध्ये दुसरा ब्रेक नाही रे. उद्या एखादं पोर आडवं आलं तर?" आणि तिचे डोळे भरले. माझी ताई मी फारशी रडताना बघितलेली नाही.

म्हणजे हे सगळं माझ्या एका वाक्याने केलं होतं. धक्का बसल्यावर जो फुशारकीचा शब्द माझ्या तोंडून गेला, तोच ती उराशी धरून बसली होती. आता पाटी गेली खड्ड्यात! मी तिथेच तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. केबल, कोळी, दिवे, सगळं.

ताईने ऐकून घेतलं आणि माझ्या गालावर हात फिरवला. "किती रे गुणी माझा बाळ्या," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःकडे कमीपणा घेतोस."

"अगं, खरं सांगतोय!"

"हो हो. कोळी काय, जाळं काय. लहानपणापासून तुला थापा मारायला जमत नाहीत."

घ्या! आयुष्यात एकदा स्वतःची अब्रू स्वतः वेशीवर टांगली, तर ती कुणी बघायलाच तयार नाही. मी तिला ओढतच ठोक्याकडे नेलं. "सांग हिला," मी म्हटलं, "माझा ब्रेक चालत होता का?"

ठोक्याने हातातला हातोडा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "एकदम टकाटक होता, ताई. गावात असा ब्रेक दुसरा नाही."

"अरे गाढवा, खरं सांग!"

"खरंच सांगतोय." आणि मला डोळा मारला. शपथेला जागत होता नालायक! मी हात जोडले, पाय धरायचे तेवढे बाकी राहिले, तर तो आणखीनच रंगात आला. मी त्याची परीक्षा बघतोय असं त्याला वाटलं. ताई म्हणाली, "बघ. बिचाऱ्या माणसाला कशाला खोटं बोलायला लावतोस?"

माझं डोकं सटकलं. "ठीक आहे! तेव्हाचं मरू दे. ठोक्या, ती केबल आत्ताच्या आत्ता काढ. ताईच्या डोळ्यांसमोर काढ." ठोक्याने मुकाट्याने केबल सोडवली. मी माझं पेडल दाबून दाखवलं, मागे अंधार. "आता तरी पटलं ना? आत्ता या गाडीला एकच ब्रेक आहे. बस आणि मला घरी सोड." मी बूट काढले आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसलो. पाय पेडलापर्यंत पोचायचा प्रश्नच नको.

ताईने दार उघडून माझ्या मांडीकडे बघितलं. "तू खरंच वेडा आहेस," ती म्हणाली. मग बसली, आरसा नीट केला, पट्टा लावला.

काय सांगू तुम्हाला, त्या रस्त्यावर माझा जीव अर्धा झाला. पाय असे शिवशिवत होते की मी दोन्ही हातांनी धरून ठेवले. ओरडायचं नाही म्हणून रुमाल तोंडात कोंबला. बाजाराच्या वळणावर गल्लीतून एक सायकलवाला बाहेर पडला. मागे आडवी बांधलेली भलीमोठी गादी, आणि गादीच्या ओझ्याने तो झोकांड्या खात थेट आमच्या पुढ्यात. मी रुमाल चावला. ताईने ब्रेक लावला. धक्का नाही, हिसका नाही. गाडी अलगद थांबली, सायकलवाला गादी सावरत निघून गेला, आणि ताईने मागे बघून, दिवा दाखवून, गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"बाळ्या, तू ओरडला का नाहीस?"

मी तोंडातून रुमाल काढला. "ठरवलं होतं."

ती सावकाश म्हणाली, "त्या दिवशीही नाही ओरडलास तू. डुक्कर आलं तेव्हा. तू ब्रेक मारतोस तेव्हा ओरडतोसच, कायम. त्या दिवशी गाडीत आवाजच नव्हता. काय करत होतास तू?"

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? "डोळे मिटून बसलो होतो," मी म्हटलं. "दातखीळ बसली होती माझी. पाय कुठे होते मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी थांबलेली होती."

हे मात्र तिला पटलं. का पटलं माहीत आहे? मी असली गोष्ट कल्पनेतसुद्धा स्वतःबद्दल रचणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. येणारे जाणारे वाकून बघायला लागले. मी मांडी घालून, अनवाणी, ठाणच मांडून बसलो होतो.

"म्हणजे मी थांबवली," ती म्हणाली.

"तू थांबवलीस, ताई. एकटीने. माझ्या पाटीची शपथ."

"परत म्हण."

"तू थांबवलीस."

मला घरापाशी सोडल्यावर ती म्हणाली, "टेस्टला तू येऊ नकोस. तुझ्या बायकोला पाठव गाडी घेऊन. तू शेजारी असलास की माझं सगळं लक्ष तू कधी ओरडतोस याच्याकडे. त्या दिवशी तू गप्प बसलास म्हणून मला माझं सुचलं." एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याची शिकवणीच बंद केली असती. मी बूट हातात घेतले आणि मुकाट उतरलो.

ताई पास झाली. साहेबांनी व्हॅनची किल्ली तिच्या हातात दिली, आणि पहिल्या फेरीला तिने मला सोबत बोलावलं. खोकी उचलायला म्हणे माणूस हवा. गॅरेजमधला माझा केबलचा तमाशा गावभर झाल्यापासून माझे विद्यार्थी कमी झाले होते, त्यामुळे मलाही वेळ होता. पहाटेच निघालो. मागे पुस्तकं फळ्यांवर हलकेच खडखडत होती, झाडीतल्या रस्त्यावर कोवळं ऊन येत होतं, ताई कुठल्या गावात कोण काय वाचतं ते सांगत होती. मी हूं हूं करत होतो.

इतकी वर्षं मी लोकांच्या शेजारी बसतोय. त्या सीटवर मला कधी साधी डुलकी लागली नव्हती.

"अरे, बाळ्या!" ताईने दंडाला धरून हलवलं. "घोरतोस काय! ऊठ. दोन गावं झाली, हे तिसरं. चल, खोकी उतरव."